जांभळीवरून पडलेली बाई

माझ्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर पिवळ्या रंगात लिहिलं आहे, "या वाहनातून माणसांची वाहतूक करू नये." ते मी लिहिलेलं नाही. धानाच्या रोवणीच्या आधी परिवहन खात्याची माणसं पेंटर घेऊन गावात आली आणि गावात होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या ट्रॉल्यांवर त्यांनी ते लिहून घेतलं. मागे लाल चकाकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या. मला कोणी विचारलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं वाचता येतं. रोज सकाळी वाचतो.

गावातला पहिला ट्रॅक्टर माझा. जुनाच घेतला होता, पण पहिला. सिंदेवाही आणि मूलच्या मधलं आमचं गाव, तिन्ही बाजूंनी जंगल आणि मधे धानाच्या बांध्या. आमच्याकडे रोवणी, म्हणजे धानाची लावणी, गुत्त्यानं होते, एकरी रक्कम ठरवून. वीस-पंचवीस बायांची टोळी असते, ती आज या गावच्या बांध्या घेते, उद्या त्या गावच्या. त्या टोळीला पहाटे न्यायचं आणि दिवस बुडायच्या आत आणायचं, हे काम माझ्या ट्रॉलीचं. म्हणजे कोणाच्या शेतात बाया आधी जातील आणि कोणाच्या पऱ्ह्याची रोपं वाफ्यातच म्हातारी होतील, हे माझ्या हातात होतं. तीन गावचे शेतकरी आषाढात माझ्या छपरीत येऊन बसत. मोठमोठे धानवाले. "भाऊ, या वर्षी आमच्याकडे आधी आणजा जी," म्हणत. मी चहा पाजायचो आणि हो-नाही काहीच बोलायचो नाही. ज्याने कधी चार माणसांत मान पाहिला नाही, त्याला यातली गोडी कळणार नाही.

ट्रॉलीत बाया बसल्या की गावाचं निम्मं तोंड ट्रॉलीत बसलेलं असायचं. खड्ड्यात चाक गेलं की मागून आवाज यायचा.

"भाऊ, हळू जी! पोटातली आंबील ढवळून राह्यली!"

"मंग पायी ये ना वं."

"पायी आली तं वाघ खाईन मले."

"तुले खाऊन त्याचेच दात पडतीन."

आणि मग अशी हसायची टोळी, की ट्रॅक्टरचा आवाज ऐकू येऊ नये.

आता ती गोष्ट सांगतो, जी आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुठल्याच कागदावर नाही.

माझा मोठा मुलगा तेव्हा रांगत होता. त्या साली रोवणीच्या तोंडावर ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडायची पिन हरवली. नवी आणायला मूलला जावं लागलं असतं, एक दिवस मोडला असता. पाऊस लागून होता, शेतकरी दारात बसून होते. मी एक जाड लोखंडी सळाख वाकवली आणि पिनच्या जागी घातली. चार दिवस चालली. पाचव्या दिवशी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवरच्या चढावर ती निसटली. ट्रॅक्टर पुढे गेला, ट्रॉली मागे मागे गेली आणि नहराच्या अंगाला कलंडली. बाया उड्या मारून वाचल्या. एक नाही वाचली. नाही म्हणजे जिवानं वाचली. नवी सून होती, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. कोपऱ्यात बसली होती आणि उजव्या हाताने फळी धरून होती. तिने फळी सोडली नाही. नवी माणसं घट्ट धरतात. हात फळीखाली गेला.

तिला मीच दवाखान्यात नेलं. सरकारी दवाखाना, सकाळची वेळ. ती शुद्धीवर होती. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" तिने तोंड उघडलं. तिच्या आधी मी बोललो.

"जांभळीवरून पडली साहेब."

जांभळं तेव्हा पिकलेलीच होती. दर साली कोणी ना कोणी पडतं, जांभळीची फांदी ठिसूळ. डॉक्टरांनी तिच्या केसांकडे पाहिलं. केसांत नहराचा चिखल होता. झाडावरून पडलेल्या बाईच्या केसांत नहराचा चिखल कसा, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या मागे रांग होती. त्यांनी लिहिलं. तिचा नवरा बाजूला उभा होता. तो माझ्याकडेच कामाला होता. तो काय बोलणार?

मी का तसं बोललो, ते लपवत नाही. ट्रॉलीत माणसं बसवायला तेव्हाही बंदीच होती, कायदा काही आजचा नाही. फक्त तो आमच्या गावापर्यंत चालत आलेला नव्हता. केस झाली असती तर ट्रॅक्टर ठाण्यात लागला असता, मी आत गेलो असतो आणि तीन गावांची रोवणी बसली असती. मी हे सगळं नंतर मनाशी जोडून सांगायचो. त्या क्षणी डोक्यात एवढंच होतं की हिने बोलू नये.

गावात पाच माणसं बसली. दवाखान्याचा सगळा खर्च माझा, हे ठरलं. मग एकजण म्हणाला, हिला भाऊ नाही, तुम्हीच हिचे भाऊ व्हा. सगळ्यांना ते फार पटलं. गावात मिटवायची हीच रीत, ज्याच्याकडून चुकलं त्याला नात्यात बांधायचं. त्यातला एक म्हातारा उठता उठता हसून म्हणाला, "आता बहीण काय भावावर केस करते?" तिला कोणी विचारलं होतं की नाही, मला आठवत नाही. नसेल विचारलं. त्या साली दिवाळीत तिने मला ओवाळलं आणि मी ओवाळणीत साडी दिली. तेव्हापासून एक भाऊबीज चुकवली नाही. तिच्या मुलाच्या लग्नात मामा म्हणून मीच उभा राहिलो.

तिचा हात कोपरात वाकडाच जुळला. तो कमरेच्या वर येत नाही. रोवणी उजव्या हाताची, बोटांची. ते गेलं. पण ती टोळीबरोबर जायची सोडली नाही. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून डाव्या हाताने पऱ्ह्याच्या पेंड्या बांधीत फेकायची. ते गड्याचं काम. ती इतकी नेमकी फेकायची, की रोवणाऱ्या बाईला पेंडीसाठी पाऊल उचलावं लागत नसे. माझ्याच ट्रॉलीत बसून जायची. त्याच कोपऱ्यात नाही, मधे बसायची.

आणि मी? मी चार माणसांत सांगू लागलो, "इतके वर्स ट्रॅक्टर चालवला, पण एक खरोच नाई." आधी जरा दबकत सांगायचो. मग छाती काढून. शेवटी मलाच ते खरं वाटू लागलं. खोटं बोलायला दुसरं कोणी लागत नाही, आपले आपण पुरतो.

मग सरकारने कायदा कडक केला. दंड वाढले. हेल्मेट नाही, दंड. इन्शुरन्स सरला, दंड. कोणी अडवतही नाही, फोटो काढतात आणि घरी बसल्या मोबाईलवर दंड येतो. माझ्या मुलाला असा दंड आला तेव्हा तो लग्नाच्या पंगतीत बसला होता. घास खाली ठेवून वाचत बसला. मी म्हटलं, पूर्वी पोलीस निदान तोंड दाखवून तरी घ्यायचा.

गेल्या रोवणीत फाट्यावर परिवहन खात्याच्या माणसांनी माझी ट्रॉली अडवली. सगळ्या बाया खाली उतरवल्या. मी म्हणालो, "साहेब, आता ह्या बाया जातीन कशा?"

"एसटीनं न्या."

"एसटी इथी येत नाई साहेब. पोलिओ डोसची गाडी येते, वर्सातून दोनदा. तिच्यात बसवू काय?"

बाया हसल्या. साहेब हसला नाही. पावती फाडली. बाया चिखलातून पायी गेल्या, मी रिकामी ट्रॉली घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी फाटा टाळून नहराच्या पाळीने नेल्या. सगळे तेच करत होते.

म्हणून या साली रोवणीच्या आधी ते गावातच आले. फळ्या रंगवल्या आणि ग्रामपंचायतीत सभा ठेवली. इन्स्पेक्टर तरुण होता, बोलायला मऊ. दोष देण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं, त्याचाच मला जास्त राग आला. त्याने पडद्यावर उलटलेल्या ट्रॉल्यांचे फोटो दाखवले. कुठल्या कुठल्या गावचे. चपला विखुरलेल्या, डबे उघडे पडलेले. बायांनी माना फिरवल्या. मी मात्र प्रत्येक फोटोत जोडणी कुठे दिसते का, ते बघत होतो.

मी बोलणार हे गावाने धरलेलंच होतं. आदल्या दिवशी चार जण घरी येऊन सांगून गेले होते, "भाऊ, तुमीच बोला. तुमच्याएवढा जुना डायवर कोणी नाई." मी धुतलेलं धोतर नेसून गेलो होतो. उठलो.

"साहेब, तुमचा कायदा चांगला हाय. पण गावापासून बांध्या दोन कोस. मधे जंगल. गेल्या साली याच रस्त्यावर वाघानं माणूस नेला. ट्रॉलीत बसवू नका म्हणता, मंग पायी पाठवू? वाघाले कोणता कायदा हाय? त्याच्या फळीवर लिहून देल्लं काय तुमी?"

टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. आणि मी बोललो त्यात खोटं काहीच नव्हतं. आजही तेच म्हणेन. गाडी द्या, मग कायदा द्या.

इन्स्पेक्टर म्हणाला, "बाबा, तुमचं बरोबर आहे. गाडीसाठी मी वर लिहितो. पण मला सांगा, तुमच्या गावात ट्रॉलीमुळे कोणाला कधी लागलं आहे का?"

मी म्हणालो, "एक खरोच नाई साहेब. गावाले इचारा."

त्याने गावाकडे पाहिलं. गाव गप्प. ती बायांच्या सतरंजीवर तिसऱ्या रांगेत बसली होती. मी तिकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, ती बोलणार नाही हे मला ठाऊक होतं. माझं नाव तिच्या तोंडात होतं आणि इतकी वर्षं ते तिथे सुखरूप होतं.

सभा संपताना इन्स्पेक्टर म्हणाला, आता सगळ्यांनी रस्ता सुरक्षेची शपथ घ्यायची. उभे राहा, उजवा हात समोर करा. सगळे उठले. शंभरेक हात पुढे आले. तो एकेक वाक्य सांगणार तोच थांबला.

"ताई, तुम्ही. तिसऱ्या रांगेतल्या. उजवा हात."

तिने डावा हात पुढे केला होता.

"थो उठत नाई साहेब."

"का? काय झालं हाताला?"

माझा हात समोर धरलेला होता. तो खाली घ्यावा की ठेवावा कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने साहेबाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "जांभळीवरून पडली होती जी."

मागच्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज आला, "हव साहेब! दोन चाकाची जांभूळ होती थे!"

झालं. आधी बाया तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर सोडून हसल्या. गडीही हसले. इन्स्पेक्टरलाही हसू आलं, "चाकाची? म्हणजे?" सरपंच घाईने पुढे झाला. "काई नाई साहेब, बाया मजाक करून राह्यल्या. चाय थंडी होऊन राह्यली." मग शपथ झाली. मीही घेतली. शब्द काय होते, देव जाणे.

घरी आल्यावर बायकोने ताट वाढलं. मी हात लावला नाही. ती म्हणाली, "हसल्या तं हसू द्या ना. लोकं दोन दिवस हासतेत."

"माह्यावर हसले."

"सगळे हसले. थे तुमची बहीण नाई हसली. मी बाजूलेच होती तिच्या." एवढं बोलून तिने ताट उचललं.

रोवणीचा पहिला दिवस आला. मी चौकात ट्रॉली लावली. मागच्या फळीवरच्या अक्षरांवर बारदाना टाकला. बाया जमल्या, पण वर कोणी चढेना. माझ्या मानलेल्या बहिणीची सून सगळ्यात पुढे डबा घेऊन उभी होती. मी म्हटलं, "चढ ना वं."

"मी नाई बसत, मामाजी."

"काऊन?"

"सासूबाईनं मना केलं."

तेवढ्यात ती आली. मी ट्रॅक्टरवरून उतरलो नाही, तिथूनच विचारलं, "काय वं, तू मना केलं काय इले? त्या साहेबाचं आयकून राह्यली आता?"

ती म्हणाली, "साहेबाचं काय आयकायचं? साहेब आज हाय, उद्या नाई. मले न्या भाऊ, मी बसन. माह्या हाताचं जे व्हायचं थे होऊन गेलं. पोरीचे दोन्ही हात साबूत हायेत."

तिने ते भांडून म्हटलं नाही. भाजी घेताना म्हणावं तसं म्हटलं. मग डावा हात फळीवर ठेवून ती खरंच वर चढू लागली. एकटी. बाकीच्या बाया तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी एकेक करून डबे उचलले, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेतल्या आणि चालू लागल्या. सून गेली. जिने जांभळीला चाकं लावली ती म्हातारीही गेली. हीही फळीवरचा हात काढून त्यांच्यामागे गेली.

इतक्या वर्षांत पोलीस, आरटीओ, दंड, पावत्या, यांतल्या कशामुळे बायांनी आपणहून माझी ट्रॉली रिकामी सोडली नव्हती.

मी घरी परतलो असतो. पण पुढे जंगल होतं. मी ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये टाकला आणि त्यांच्यामागून, माणसाच्या चालीनं, रिकामी ट्रॉली घेऊन गेलो. आवाज असला की वाघ रस्त्यावर येत नाही. दोन कोस. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. नाल्याजवळ समोरून इन्स्पेक्टरची जीप आली. त्याने पाहिलं, बाया पायी, मागे रिकामी ट्रॉली. खाली उतरून माझा हात हातात घेतला. "वा बाबा! कायदा असा पाळायचा असतो." मोबाईलमध्ये फोटो काढला. मी त्याला काय सांगणार होतो? की मी पाळला नाही, मला पाळायला लावला?

त्या फोटोने पुढचं सगळं केलं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर ग्रामपंचायतीसमोर माझा सत्कार ठेवला. शाळेची पोरं, बचत गटाच्या बाया, सगळं गाव. इन्स्पेक्टर मुद्दाम आला होता. अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. मग माईकवर म्हणाला, "चाळीस वर्षांत एकही अपघात न करणारे हे चालक. यांचा आदर्श घ्या." आणि माईक माझ्या हातात दिला.

गावात कोणी हसलं नाही. सणाचा दिवस, पोरं बुंदीची वाट बघत होती. पण मला प्रत्येकाच्या तोंडावर ते हसू दिसत होतं. ती बायांमध्ये बसली होती. पदराखालून डावा तळवा उजव्या कोपरावर. पावसाळ्यात तो दुखतो, तेव्हा ती तसा धरते.

मी म्हणालो, "साहेब, एक झाला." आवाज भोंग्यातून इतका मोठा आला की मीच दचकलो. "एक झाला अपघात. हे बाई जांभळीवरून नाई पडली. माह्या ट्रॉलीखाली आली. पिन नव्हती, मी सळाख घातली होती. डाक्टरले खोटं मी सांगतलं."

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. इन्स्पेक्टर शाल काढून घेईल, पोलीस पाटील उठेल, निदान कोणी ओरडेल. सरपंच म्हणाला, "भाऊ, बसा आता." इन्स्पेक्टरने क्षणभर खाली पाहिलं, मग माईक घेतला आणि म्हणाला, "चूक कबूल करायला मोठं मन लागतं. बाबांसाठी टाळ्या."

आणि गावाने टाळ्या वाजवल्या. पोरांनी जास्त वाजवल्या, कारण आता बुंदी वाटणार होते. टाळ्यांतच ती उठली आणि निघून गेली.

माझा हट्टी स्वभाव. मला टाळ्या नको होत्या. जे तेव्हा लिहिलं गेलं नाही, ते आता लिहून द्यायचं मी ठरवलं. दोन दिवसांनी ठाण्यात गेलो. हवालदाराने सगळं ऐकलं, चहा मागवला. मग म्हणाला, "बाबा, दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलं आहे?"

"जांभळीवरून पडली म्हणून."

"आणि सभेत आरटीओच्या साहेबांसमोर ती बाई स्वतः काय म्हणाली?"

"तेच."

"मग मी काय लिहू?" तो वाईट माणूस नव्हता. त्याने समजावून सांगितलं. नुकसानभरपाईच्या दाव्याला पूर्वी मुदतीचं बंधन नव्हतं म्हणे. कायदा बदलला तेव्हा सहा महिने घातले. म्हणजे इतकी वर्षं दार उघडं होतं, आणि ज्या कायद्याने माझी ट्रॉली रंगवली त्यानेच ते लावून घेतलं. "तरी," तो म्हणाला, "तुमच्या मनासाठी निदान एक नोंद करतो. पण जखमीचं बयाण लागेल. त्यांना घेऊन या. त्यांनी सांगितलं पाहिजे, की तेव्हा खोटं सांगितलं होतं."

मी तिथून सरळ तिच्या घरी गेलो. ती अंगणात सुपात तांदूळ निवडत होती, सूप मांडीवर टेकवून, डाव्या हाताने. मी खाटेवर बसलो. सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "उद्या चाल माह्यासंगं ठाण्यात. एक बयाण देऊन टाक."

तिने खडे बाजूला केले. बराच वेळ केले.

"काय सांगू तिथी जाऊन? का मी लबाड हाय म्हणून?"

"लबाड मी हाय. तू काऊन?"

"साहेबासमोर मी बोलली भाऊ, शंभर लोकांत. तुमचं नाव राह्यलं पायजे म्हणून बोलली. आता गावातल्या पोट्ट्याईले समजलं का हे बाई खोटं बोलते. तुमाले टाळ्या भेटल्या, शाल भेटली. मले काय भेटलं?"

"मी खरं सांगतलं वं बाई. तुह्यासाठीच सांगतलं."

"मले इचारलं होतं काय?" आता पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "त्या दिशी डाक्टरनं मले इचारलं, तुमी बोलले. पंधरा आगस्टले कोणी काई इचारलं नाई, तरी तुमीच बोलले. मी कवा बोलू भाऊ? इतके वर्स मी तुमचं तोंड राखलं. तुमाले माह्यं एक दिवस राखता नाई आलं."

  मी तरी म्हणालो, कारण गप्प बसायची सवय नाही, "म्हणजे तू नाई येत."

"नाई येत."

सून आतून पाण्याचा गडू घेऊन आली. माझ्या हातात देऊन बाजूला उभी राहिली. तिने सुनेकडे पाहिलं, मग सूप पुन्हा मांडीवर नीट घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाणी प्या, अन् जा आता."

मी पाणी प्यायलो. गडू खाली ठेवला आणि उठलो.